वर येताना

रोसामेलचे पाय रात्री दोनला जागे होतात.
तो झोपलेला असतो, पाय नसतात.
गुडघे एकमेकांवर आपटतात, टाच गादीत रुतते.
ऑर्फेलिना उठते, सगळं वजन त्यांच्यावर टाकते
आणि उजाडेपर्यंत तशीच बसते,
सुटू पाहणाऱ्या होडीचा दोर धरावा तशी.

सकाळी ती माझ्याकडे येते.
चिलोएच्या या बेटावरचा दवाखाना म्हणजे
दोन खोल्या, फ्रीज, रेडिओ आणि मी.
डॉक्टर महिन्यातून एकदा,
तेही समुद्राच्या मर्जीने.

मला शिकवलं तसं मी तिला सांगते:
कण्यातून निरोप जातात पायांना.
वरून कुणीतरी सारखं म्हणत असतं, पुरे, हळू.
तो आवाज आता तिथवर पोचत नाही,
म्हणून पाय दचकतात कशालाही,
चादरीच्या घडीलासुद्धा.
ही पांढरी गोळी, बॅक्लोफेन,
स्नायूला हातही लावत नाही.
ती कण्यात जाऊन बसते
आणि त्याच्याऐवजी पुरे म्हणते.

आधी अर्धी, तीन वेळा. मग थांबून थांबून वाढवायची.
झोप येईल, चुलीपाशी एकटं सोडू नकोस.
सफरचंदाची चिचा बंद.
"ती तर तुम्हीच सांगा त्याला," ऑर्फेलिना म्हणते.
आणि कास्त्रोला जाऊन मूत्रपिंडं तपासून आणा,
गोळी बाहेर पडते ती त्याच वाटेने.

दीडवर पाय शांत झाले.
इतके, की खाटेवरून खुर्चीत जाताना
ते नुसते ओल्या जाळ्यासारखे खाली बसले, आणि तो त्यांच्यावर.
कपाळाला टाके घालताना म्हणाला,
"नोल्विया, ज्याला शिव्या देत होतो ना मी,
त्याच ताठपणावर उभा होतो."
आम्ही एकीवर आलो.
थोडा ताठा उभं राहायला ठेवला.

जुलैत बंदर बंद झालं.
वाऱ्याने दोन पत्रे नेले, लाँच येईना.
डब्यात सतरा गोळ्या.
रोज तीन लागतात, मोजायला बोटं पुरतात.
रोसामेल म्हणाला, "संपू दे, मग बंद. काय होणार आहे?"

मी सांगितलं काय होतं ते.
एकदम सोडली की कणा ओरडतो.
ताप चढतो, आकडी येते,
भिंतीत नसलेली माणसं दिसतात,
आणि पाय आधी होते त्याहून वाईट.
उतरायचं तर पायरीपायरीने.

तो गप्प झाला.
मग हसला, पण डोळ्यांनी नाही.
"एकतीस मीटर," म्हणाला.
"लोकोची पिशवी भरलेली, कंप्रेसर गचकला,
आणि मी सरळ वर आलो. बाटलीच्या बुचासारखा.
बारा मीटरवर थांब, सहावर थांब, तीनवर थांब,
सगळं पाठ होतं.
हवा नव्हती."

हवा नव्हती.
या वेळी सतरा होत्या.

खरखरत्या रेडिओवरून डॉक्टरांनी आकडे सांगितले.
त्याने खडू मागितला, खाटेजवळच्या फळीवर
स्वतः लिहिले, एकाखाली एक:
अडीच. अडीच. दोन. दोन.
दीड. दीड. दीड.
एक. एक. एक.
बाजूला, मी न विचारता, मीटर लिहिले.

शिंपले सोडवायच्या सुरीने ऑर्फेलिना गोळ्या कापायची,
बशीत उरलेली भुकटी बोटाने टिपून
त्याच्या जिभेवर ठेवायची.
सहाव्या रात्री पाय पुन्हा उठले.
ती बसली त्यांच्यावर.
तो तिला फळीवरचा आकडा दाखवत राहिला:
आपण इथे आहोत, बघ,
इथे थांबायचंच असतं.

दहाव्या सकाळी भोंगा वाजला.
डब्यात दीड गोळी होती.
मी धक्क्यावर पळाले, खोकं सहीने घेतलं,
परतले तर तो गजाला धरून उभा,
गुडघे थरथरत,
खिडकीतून पाण्याकडे बघत.

"आता परत खाली जायचं," म्हणाला,
"तेही हळूच ना?"